पांढऱ्या कागदावरचा ठिपका

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात एक शिक्षिका आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. तिच्या पुढेच एक फोटोग्राफर आणि त्याची बायको काउंटरला टेकून उभे होते.

"सेन्सरवर धूळ बसलीय. हिनं तोंडानं फुंकर मारली, तेव्हापासून."

"मी नाही हो! कॅमेरा पालथा धरून पंपानंच हवा मारली."

"मग ठिपका आला कुठून? चारदा पुसला, ढिम्म हलत नाही."

"पांढऱ्या कागदाचा फोटो काढून बघू," कारागीर म्हणाला. "हं, हा बघा स्क्रीनवर. एकदम स्वच्छ आहे, साहेब."

"स्वच्छ कसला? हा काय, उजवीकडे वर!"

"वहिनी, तुम्हाला दिसतोय?"

"नाही."

"अगं, नीट बघ ना जरा!"

"बघितलं. अहो, ते राहू द्या. त्या भिंतीकडे बघा बरं."

शिक्षिकेनंही मान वळवली. भिंत नुकतीच रंगवलेली, कोरी करकरीत होती.

"तिथंही आहे का तो ठिपका?" बायकोनं विचारलं.

त्याची नजर भिंतीवर उजवीकडे वर गेली आणि तिथंच अडकली.

"अहो, बोला ना. आहे का तिथं?"

"दादा," तो कारागिराला म्हणाला, "अजून एकदा पुसून द्या. हवा तेवढा वेळ घ्या, पण पुसाच."