हक्क सोडण्याआधी

गोवा राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. वडिलांच्या बागायतीतला हक्क भावाच्या नावे सोडून द्यायला कुंदा डिचोलीच्या नोंदणी कचेरीत आली होती. भाऊ आत गेला होता. शेजारच्या बाकावर एक म्हातारी आपल्या मुलाला आणि मुलीला घेऊन बसली होती.

"बाय, सही कर गो," मुलगा बहिणीला म्हणाला. "सगळ्या बहिणी करतात."

"कायद्यात माझा वाटा तुझ्याएवढाच आहे, दादा."

"तो कायदा पोर्तुगीजांचा. आपली रीत वेगळी. आई, सांग गो हिला."

"मी काय सांगू, पुता? मीही माहेरी, पाळी गावात, असाच अंगठा दिला होता. भाऊ म्हणाला, हे दार तुला कायम उघडं."

"मग?"

"तुमचा बाबा गेला, तेव्हा तुम्हा दोघांना घेऊन त्याच दारात गेले. वहिनी उंबऱ्यावरूनच म्हणाली, चवथीच्या सणाला या."

"हे कधी बोलली नाहीस तू."

"तुला मामाचा लळा होता रे. कसं बोलू?"

इतक्यात कुंदाचा भाऊ बाहेर आला.

"चल कुंदा, साहेब बोलावतात."

कुंदा बाकावरून उठली नाही.

"आज नको, दादा," ती म्हणाली.