सात लिव्हरचं कुलूप आणि बिचारा लांडगा

...नाही, मी म्हणतो, माणसाचा लांडगा झाला, होऊ दे! अंगभर केस उगवले, उगवू देत! सुळे फुटले, फुटू देत, माझं काय जातंय? पण त्याला कोंडायला जी कडी लावली ना, ती बघून माझं डोकं फिरलं! एवढीशी कडी, दोन खिळ्यांवर लोंबकळतेय, त्यात अडकवलेलं कुलूप मी सायकलीलासुद्धा लावणार नाही, आणि आत कोण? तर लांडगा! अहो, एक कुलूप... एक धड कुलूप लावलं असतं तर अर्ध्या तासात पिक्चर संपला असता आणि सगळे सुखानं जगले असते की नाही?

तुम्हाला सांगतो, रविवारी दुपारी पडदे ओढून नातीनं मला तो जुना काळा-पांढरा पिक्चर दाखवला. कॉलेजात जाते ती. म्हणे, ‘आजोबा, घाबराल हं!’ मी कसला घाबरतोय! जन्म गेला माझा लोकांची कुलपं उघडून देण्यात. मालक शेजारी उभा असताना, हां! चोर नाही मी. बाजारात मला ‘खटका’ म्हणतात, कारण माझ्या हातात कुलूप आलं की खटका वाजलाच म्हणून समजा.

तर तो पिक्चरमधला माणूस. भला माणूस हो! रानात एका बाईवर लांडगा धावला, हा मधे पडला, आणि चावा कुणाला? ह्यालाच! घ्या, करा उपकार! तेव्हापासून चांदोबा पुरता गोल झाला की ह्याचा लांडगा. सकाळी उठून बघतो तर हातांना रक्त, आणि हा ते धुता धुता रडतोय. मग गावभर फिरतो, ‘मला कोंडा हो, माझा भरवसा नाही!’ आणि तो तिथला डॉक्टर, पोटावर हात ठेवून म्हणतो कसा, ‘तुम्हाला थोड्या विश्रांतीची गरज आहे.’ अरे, विश्रांती कसली गाढवा, त्याला साखळदंड हवाय! शेवटी एका जिवलग मित्राला दया येते, तो ह्याला तळघरात कोंडतो... त्या दोन खिळ्यांच्या कडीनं! मी ओरडलो, ‘अरे मेल्या, कोयंडा बघ, कोयंडा!’

नात म्हणते, ‘आजोबा, त्याला ऐकू जात नाही.’

‘जात नाही म्हणूनच मरतोय!’ म्हटलं. एक कुलूप, अहो, एक धड कुलूप!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा एवढा का पेटलाय. सांगतो. माझ्या पायाचा अंगठा काळा पडलाय. शुगर! आमची डॉक्टरीण म्हणजे गोड आवाजात सुरी फिरवणारी. ‘आजोबा, पुढच्या तपासणीपर्यंत साखर उतरली नाही ना, तर अंगठा काढून टाकू हं.’ टाकू हं! जसा काही नळाचा वायसर बदलायचाय! गोळी दिलीय, कडू जहर, ती मी उशीखाली सारायचो. आणि बिस्किटं... ती मधे मलई भरलेली असतात ना... हां, तीच.

पण अंगठा माझा आहे, भीती वाटतेच की! म्हणून पिक्चरच्या आदल्याच आठवड्यात मीच, त्या लांडग्यासारखे हात जोडून घरच्यांना म्हटलं, ‘बिस्किटांचं कपाट बंद करा. मी रडलो, पाया पडलो, तरी उघडू नका.’ सून गेली आणि चिमुकलं कुलूप घेऊन आली. म्हटलं, ‘सूनबाई, हे कुलूप आहे की कानातलं?’ दिलं फेकून, आणि माझ्या हातचं बसवलं. सात लिव्हरचं! पोलादी! किल्ली बायकोच्या ताब्यात. छाती फुगवून म्हणालो, ‘हे ज्यानं बनवलं, त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार नाही!’

सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा!

तर पिक्चरच्या शेवटी लांडगा सुटतो. सुटणारच! आणि तोच मित्र रडत रडत त्याला चांदीचा सुरा खुपसतो. मग हळूहळू केस जातात, सुळे आत जातात, आणि उरतो कोण? तोच भला माणूस, मित्राच्या मांडीवर, ‘उपकार झाले’ म्हणतो आणि डोळे मिटतो. नात रडतेय, सून रडतेय, माझ्याही नाकाला धार. नाक पुसायला म्हणून उठलो, स्वयंपाकघरात गेलो... आणि समोर ते कुलूप. गोल. चकचकीत. माझ्याकडेच बघतंय! खरं सांगतो, भूक नव्हती हो! पण हात असे शिवशिवले... ओट्यावर बायकोची केसातली पिन पडलेली, आणि सात लिव्हर म्हणजे कोण, आपलीच पोरं! एकेकाला गोंजारलं, आणि खटका! जन्मभर लोकांची कपाटं उघडली, आतल्या मालाला बोट लावलं नाही. पण हे कपाट माझं ना? मग मालकानं कपाट उघडायचं आणि रिकाम्या हातानं परतायचं, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

मागून आवाज आला, ‘मिशीला मलई लागलीय.’

बायको! तिनं सुरा नाही उगारला. नुसती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. डोळे पुसले, आणि म्हणाली, ‘अहो, तुम्हाला बिस्किटं नको असतात. तुम्हाला कुलूप हवं असतं.’

दुसऱ्या दिवसापासून बिस्किटं ताटलीत, उघडी, सगळ्यांसमोर. शी! वारा लागून मऊ पडलेली, ना कडी ना कोयंडा, हात लावावासा वाटेना! आणि माझं सात लिव्हरचं कुलूप? ते तिनं एका पत्र्याच्या डब्याला लावलं. जेवण झालं की डबा माझ्या पुढ्यात ठेवते, ‘तुमचाच आहे, घ्या.’ मग पिन, गोंजारणं, खटका! आणि आत काय? तीच माझी कडू गोळी! आता डबा माझा, उघडला मी, परतायचं कसं? गिळतो निमूट.

डॉक्टरीण म्हणाली, ‘अंगठा राहू दे तूर्तास.’ राहू दे म्हणे, मेहेरबानी! त्या बिचाऱ्या लांडग्यासाठी जीव तुटतो हो माझा. एक धड कुलूप पाहिजे होतं म्हणत होतो ना? चुकलं माझं. त्याला एक बायको पाहिजे होती.

थांबा, आलीच बघा डबा घेऊन... अगं, हे काय? आज दोन कुलपं?

...म्हणजे बीपीचीही गोळी सुरू झाली म्हणायची. दे इकडे ती पिन!