चंद्रीला वाट ठाऊक

तट्टू घ्यायचं म्हणताय ना राव? मग आधी आमच्या चंद्रीचं ऐका.

प्लेग ओसरला त्या साली मी आणि जुन्नरचे बांगडीवाले गुलाबभाई आहुप्याहून भीमाशंकरला डोंगरमाथ्यानं निघालो. चंद्री ही गुलाबभाईंची घोडी, मागल्याच बाजारी घेतलेली. तिच्या पाठीवर बांगड्यांचे दोन पेटारे, म्हणजे भाईंचं सारं भांडवल.

रानात शिरलो आणि धुकं असं दाटलं की पुढचं पाऊल दिसंना. उजव्या हाताला कडा, थेट कोकणात. तिथंच चंद्री थांबली ती हलंना.

भाई म्हणाले, "दमली बिचारी. पेटारे आपण घेऊ. जनावराला वाट बरोबर ठाऊक असती."

एकेक पेटारा पाठीवर घेतला, तशी चंद्री झपाझप निघाली. मी तिची शेपटी धरली, भाईंनी माझं उपरणं. कड्याकडनं वारा आला की दोघंही देवाचं नाव घेत व्हतो, ज्याचं त्याचं.

दिवस कलताना ती एका झोपडीच्या अंगणात शिरली आणि खुशाल गवत खायला लागली. दारात बघतो तर बाजारात तिला इकणारा म्हातारा!

भाई कावले. "बाबा, भीमाशंकर राहिलं बाजूला, ही तुमच्या घरी आली की हो!"

म्हाताऱ्यानं शांतपणे आमच्या पाठीवरचे पेटारे उतरवले, प्यायला पाणी दिलं.

"बसा पावणं," तो म्हणाला. "मला बी ती असंच वाहायला लावायची. म्हणून तर इकली!"