चालू गाडीची चावी

— अहो, दार असं हिसकू नका, आधी जरा वर उचलायचं, मग ओढायचं — हं, उघडलं ना अलगद? बसा. तिकडे नको, या बाजूला. चालवायला देईन की, गाडी काय पळून चाललीय? गाडी कानाने चालवायची असते, कानाने — हल्लीच्या त्या स्क्रीनवाल्या गाड्या म्हणजे नुसते डबे, त्यांना आवाजच नाही, ऐकणार काय? मी उभ्या जन्मात काट्याकडे बघून गिअर टाकला नाही. गल्लीतले लोक गाड्या घेऊन दारात यायचे, काका, जरा ऐका हो — मी खुर्चीतून न उठता सांगायचो, पट्टा सैल झालाय. आणि झालेला असायचाच. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला माझ्यावर उगाच नाही खार खाऊन होता. आणि हिचं इंजिन? बॉनेटवर भरलेला कप ठेवा, थेंब सांडणार नाही.

जावयाला मात्र मी चावी देत नाही. का म्हणजे? लग्नानंतर पहिल्यांदा आला, हौसेने दिली, तर या पठ्ठ्याने चालू गाडीला परत स्टार्टर मारला — असं कर्रकन वाजलं, माझ्या काळजात चर्र झालं. ज्याला इंजिन चालू आहे की बंद हे कळत नाही, त्याने गाडीला हात लावू नये. नियम म्हणजे नियम, जावई असला म्हणून काय झालं? मुलगी अजून ते मनात धरून आहे. म्हणून तर गाडी विकायची ही जाहिरात — दिली कोणी? तिने. मला विचारलं? छे. चौकात ट्रक घासून गेला, तेवढं निमित्त पुरलं. ट्रकवाला म्हणे मागून सारखा हॉर्न वाजवत होता. वाजवला असता तर मला ऐकू आला नसता? नुसता आरसा गेला, नवा बसवलाय, बघा. नात मागे बसली होती, तिला ओरखडासुद्धा नाही. आजोबा, हॉर्न, हॉर्न, असं ती ओरडत होती म्हणे — घरी आल्यावर आईला सांगितलं तिने. पोरं काय, काहीही सांगतात. तेव्हापासून तिला माझ्याबरोबर पाठवत नाहीत. रोज खिडकीत उभी राहून गाडीकडे बघते बिचारी, मला बघवत नाही ते.

जाऊ द्या. आता बोलू नका हं. सुरू करतो, नुसतं ऐका —

काय झालं? एवढे दचकलात का? कानावर हात कशाला?

चालू होती? कधीपासून? — मीच केली होती, तुम्ही यायच्या आधी? थांबा, इथे हात ठेवू द्या. हं. थरथरतंय. चालूच आहे.

कर्रकन वाजलं का हो? मोठ्याने?

या, इकडे सरकून बसा, मी उतरतो. चावी तिथेच राहू द्या. व्यवहाराचं मुलीशी बोला, मला काही सांगू नका. फिरवून आणा नाही तर घेऊनच जा. बघताय काय माझ्याकडे? हे दार मी लावतो — वर उचलून, असं.

निघा आता.