बाईंनी मागितलेलं एक वाक्य

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे हितचिंतक डॉक्टरसाहेब, व्यासपीठावर बसलेले सर्व मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या बाई, वरच्या मजल्यावरच्या लेखनवर्गातले माझे सोबती, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना नमस्कार. कुणाचा मान राहून गेला असेल तर आत्ताच सांगा, नाहीतर भाषणभर मला तेच खात राहील.

मला बोलायला उभं करू नका, असं मी सेक्रेटरींना दोनदा सांगून पाहिलं. माझं शिक्षण अर्धवट. वडील गेले, शाळा सुटली आणि मी एका मोठ्या लाँड्रीत बॉयलरवर लागलो. वाफेचा काटा वर चढतोय का ते बघत बसायचं, एवढंच काम. म्हणजे काळजी करायची आणि तिचा पगार घ्यायचा. निवृत्त झालो तेव्हा पगार बंद झाला, काळजी चालूच राहिली. हसा, हसा. वर्गातही सगळे इथेच हसले होते.

तो वर्ग आता डोळ्यांपुढून हलत नाही. लाकडी जिना, वरची ती लांबट खोली, लहान मुलांचे बाक. गुडघे कुठे ठेवायचे हाच पहिला धडा होता. जुन्या पुस्तकांचा वास आणि डोक्यावर तो कुरकुरणारा पंखा. मी पहिल्या दिवशी त्याच्या खालचा बाक सोडून भिंतीकडे सरकलो. बाई म्हणाल्या, "काका, तो माझ्या आधीपासून इथे आहे, पडायचा असता तर पडला असता." तेव्हापासून मी बॉयलरकाका. हे नाव वर्गातल्या आमच्या कंडक्टरनी ठेवलं. ते बघा, तिसऱ्या रांगेत हात वर करताहेत. आयुष्यभर बसमध्ये बोलत राहिले, अजून तिकीट संपलेलं नाही.

बाईंची एक रीत होती, ती इथे बसलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. प्रत्येकाने आपल्या घरातलं काही लिहायचं, पण स्वतः वाचायचं नाही. शेजारच्याने वाचायचं. बाई म्हणायच्या, स्वतःचं वाचताना माणूस आवाजाने झाकून नेतो, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जिथे झाकलंय तिथेच कान जातो. मला हे फार धोक्याचं वाटलं. पण माझं अक्षर इतकं वाईट की कुणाला लागणारच नाही, असा एक आधार होता. कंडक्टरना लागलं. कसं लागणार नाही? गर्दीत, हलत्या बसमध्ये लिहिणारा माणूस तो.

मी माझी सकाळ लिहिली होती. आम्ही दोघं उठतो, ही चहा करते, मी पेपर वाचतो, मग ही झाडांना पाणी घालते. पुढच्या वेळी संध्याकाळ लिहिली. त्यातही ही होतीच, दिवा लावत होती, कपड्यांच्या घड्या घालत होती. सगळ्यांना आवडलं. वर्गातल्या नर्सबाई म्हणाल्या, किती गोड संसार आहे हो तुमचा. मी मान डोलावली.

एकदा कंडक्टर वाचता वाचता थांबले. कागद खाली ठेवला आणि म्हणाले, "काका, एक विचारू? तुमच्या घरात वहिनी कधीच बोलत नाहीत. एवढं काम करतात, तोंडातून शब्द नाही. मौन घेतलंय का?"

वर्ग हसला. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. पुढच्या वेळी काकूंचं एक वाक्य आणा, म्हणाल्या, तुमच्या मनातलं नको, त्यांच्या तोंडचं.

मी घरी जाऊन बसलो. एक वाक्य, त्यात काय एवढं? 'चहा घ्या' असं लिहिलं. खोडलं. ते तर कुणाचीही बायको म्हणते. मग आठवायला लागलो. मला आठवत होतं ते सगळं माझंच बोलणं. गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, पोचल्यावर फोन कर, एवढा उशीर का, कुणाबरोबर आहेस. तिने त्यावर काय उत्तर दिलं होतं ते एकदाही आठवेना.

आणि विचारायची सोय नव्हती. कारण मंडळी, ती घरात नव्हती. बऱ्याच महिन्यांपासून नव्हती. चहा मीच करत होतो. झाडंही मीच वाळवली होती.

झालं होतं असं. ती शेजारणीबरोबर सिनेमाला गेली होती. मला घरी बसवेना. फोन लावला, तर तिने तो बंद ठेवलेला. मी रिक्षा करून गेलो. मॅनेजरच्या हातापाया पडलो, खेळ थांबवला, आणि माईकवरून तिला नाव घेऊन बाहेर बोलावलं. दिवे लागले. तेवढ्या लोकांमधून ती पदर सावरत, पांढरीफटक होऊन आली. तिला वाटलं आमची मुलगी गेली. काय झालं, विचारलं तिने. मी म्हणालो, काही नाही, गॅस बंद केलायस ना?

ती परत आत गेली नाही. घरीही आली नाही. समोरून रिक्षा पकडून मुलीकडे गेली. मी शेजारीपाजारी सांगितलं, लेकीला मदत हवी होती म्हणून गेली आहे. वर्गात तर तेही सांगितलं नाही. कागदावर ती रोज चहा करतच होती.

तर त्या एका वाक्यासाठी मी मुलीकडे गेलो. स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो. ही कोथिंबीर निवडत होती. मी ठरवून गेलो होतो की आपण बोलायचं नाही, ऐकायचं. शेगडीवर रिकामं पातेलं तापत होतं. देवाशपथ, मी बोललो नाही. हिने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं, आणि मुद्दाम उठली नाही. शेवटी मुलीनेच गॅस बंद केला.

"नजर तिकडे आणि तोंड बंद? बरं नाही का?" ही म्हणाली.

मी सांगितलं, वर्गात तुझं एक वाक्य मागितलंय.

"एकच? एवढी वर्षं मी काय मुकी होते?"

बराच वेळ ती काड्या वेगळ्या करत राहिली. मग म्हणाली, "लिहा. मला तो सिनेमा शेवटपर्यंत बघायचा होता."

मी तेवढंच लिहून आणलं. त्या दिवशी वाचायची पाळी नर्सबाईंची होती. त्यांनी वाचलं, आणि मागची हकीकत मला सांगावीच लागली. कंडक्टर खिडकीबाहेर बघत बसले. बाई म्हणाल्या, "काका, आता तुमच्या घरात कुणीतरी राहतंय."

पुढे मी पुष्कळ लिहिलं. सगळं चांगलं नव्हतं. पण जे लपवायचं तिथे माझं अक्षर आपोआप बारीक होतं, हे मला कळायला लागलं. बाई, लिहायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही मला माझंच लिहिलेलं ऐकायला बसवलंत. तुम्ही चाललात आता दुसऱ्या गावी. पोचल्यावर फोन करा असं तोंडावर आलंय, ते गिळतो. वाटलं तर करा.

आजच्या कार्यक्रमाचं मी हिला सांगितलं. येईन म्हणाली, पण एका अटीवर. लोकांसमोर 'लेकीच्या मदतीला गेली आहे' म्हणालात तर उठून जाईन. ती आलेली आहे. सगळ्यात मागच्या रांगेत, दाराजवळ.

वाचनालयाचे, अध्यक्षांचे, या सभागृहाचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर थोरामोठ्यांनी पोटात घालावं. मागे बसलेल्या माणसाची माफी मात्र मी इथून मागत नाही. माईकवरून एकदा तिला बोलावलं, तेवढं पुरे झालं. खाली उतरून तिच्याकडे जातो. तिच्या शेजारची खुर्ची मोकळी आहे की नाही, ते मला इथून नीट दिसत नाही.