तात्यांनी घेतलेली सही

अरे, माझ्यामुळं अख्ख्या वर्गाला परत गावोगाव जावं लागलं, ते ऐका आधी! नांदेडला आम्हा एम.ए. इतिहासवाल्यांचं संशोधनाचं प्रशिक्षण चालू होतं. मॅडम म्हणल्या, "एका म्हाताऱ्या माणसाची मुलाखत आणा. पण आधी संमतीपत्रावर सही घ्या, मगच प्रश्न विचारा."

मी गेले देवणीला, बैल पाळणाऱ्या तात्यांकडं. चहा झाल्यावर कागद पुढं केला, तर तात्या दचकलेच. "सही? आमचा बाप सांगायचा, सही गेली की शेत गेलं."

"शेताचं न्हाई तात्या, तुमच्या बोलण्याचं हाय."

"मंग बोलणं माझं, नेणार तू. सही कुणी द्यायची?"

तात्यांनी कागद उलटा केला. "लिही पोरी. 'तुम्ही सांगितलं तेवढंच लिहीन, पदरचं घालणार न्हाई. छापायच्या आधी येऊन वाचून दाखवीन.' हां, कर आता सही."

केली की! मंग तात्या जे सुटले, बैलांच्या सात पिढ्या नावानिशी सांगूनच थांबले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांचे कागद गोळा केले. माझा हात रिकामा.

"तुझं संमतीपत्र कुठंय?"

"तात्यांच्या पेटीत, सातबाऱ्याजवळ. सही माझी हाय."

सगळं सांगितलं. मंग हातातला गठ्ठा मॅडमनी वर्गाला परत वाटला.

"जा, तुम्हीपण सही देऊन या."