मिनीची ओळ

आई : पावणेसहाला फोन आला. तुमच्या तेलुगू कार्टूनची टेप पास झाली.

त्रिवेणी : पास म्हणजे? सगळी?

आई : सगळी. स्टुडिओतून प्रकाश सर स्वतः बोलले. फोनबूथवाल्यानं खालून हाक मारली, तशीच पळाले. त्याच्या रिसीव्हरला कणीक लागली, तो अजून बडबडतोय.

संदेश : हौ! मी म्हटलं होतं ना, ताई? मद्रासच्या चॅनलमध्ये कुणी एवढं नीट ऐकतच नाही.

आई : तू गप्प बस. आठवडाभर या फोनची वाट बघत होते मी. टेप परत आली असती म्हणजे? तुम्हा दोघांचे आवाज एकाच माईकवर. एक ओळ बिघडली की अख्खा भाग पुन्हा करायचा. आणि तुझे बाबा काय म्हणाले होते, त्रिवेणी?

त्रिवेणी : टेप परत आली तर माझं डबिंग बंद.

संदेश : आणि माझं चालू.

त्रिवेणी : तुला हसू येतंय?

संदेश : नक्को गं, खरंच सुटल्यासारखं वाटतंय. एकटा स्टुडिओत जाऊन काय करू मी?

आई : त्या दिवशी जेवताना तू नुसतं म्हणालीस, ‘मी मिनीची ओळ बदलली.’ मग बाबा जे चिडले, त्यात पुढचं राहूनच गेलं. आता सांग. नेमकं झालं काय?

त्रिवेणी : पूल तुटतो. विक्की खाली लटकतो. दोर मिनीच्या हातात असतो. दगडाला पाय लावून धरलाय तिनं, दात ओठ खाऊन. आणि कागदावर तिची ओळ काय? ‘कापाडंडी!’ वाचवा म्हणे.

आई : ते तर तू पहिल्या भागापासून म्हणतेस. केबल घेतलं तेव्हापासून तुझं ते कापाडंडी ऐकून शेजारच्या कुसुमताई दचकतात.

त्रिवेणी : विहिरीत पडली, कापाडंडी. माकड आलं, कापाडंडी. ठीक आहे, तेव्हा ती अडकलेली असायची. इथं वाचवतेय तीच. मग हाक कुणाला मारणार?

संदेश : आणि माझी ओळ ऐक. मी लटकतोय, खाली मगरी, आणि मी वर तोंड करून म्हणतोय, ‘मिनी, भिऊ नकोस, मी आहे ना!’ खालीपिली हिरोगिरी.

त्रिवेणी : म्हणून मी म्हटलं, ‘गट्टिगा पट्टुको!’ घट्ट धर.

आई : रेकॉर्डिस्टनं अडवलं नाही?

त्रिवेणी : तो ओठ बघतो, आई. मिनीचं तोंड उघडलं तेव्हा माझा आवाज आला, मिटलं तेव्हा थांबला. ‘लिप ओके’ म्हणाला आणि चहाला गेला.

आई : आणि हा? हा त्यावर ‘भिऊ नकोस’च म्हणाला?

(संदेश त्रिवेणीकडे बघतो.)

आई : संदेश.

संदेश : ‘भयमेस्तोंदि, मिनी.’

आई : म्हणजे? मला तेवढं तेलुगू कळतं. भीती वाटते?

संदेश : वाटणारच ना! मगरी आहेत खाली. ताईनं घट्ट धर म्हटल्यावर तेच आलं तोंडात.

आई : म्हणजे ओळ दोघांनी बदलली. आणि बोलणी हिनं एकटीनं खाल्ली.

संदेश : मी सांगणार होतो. हिनंच टेबलाखालून पाय मारला.

त्रिवेणी : माझं ऐकून बाबा नुसते चिडले. विक्की ‘भीती वाटते’ म्हणाला हे कळलं असतं, तर तुला विचारत बसले असते, पोरगा असून असं कायकू बोललास. रात्रभर.

आई : कमाल आहे तुमची. आणि सर फोनवर काय म्हणाले माहीत आहे? पुलाचा प्रसंग चॅनलच्या लोकांनी दोनदा लावून पाहिला. मुलगा अगदी खरा वाटतो म्हणाले. अनुवाद करणाऱ्या रावगारूंना शाबासकी कळवलीय.

त्रिवेणी : रावगारूंना?

संदेश : त्यांनी घेतली?

आई : घेतली असणार. सरांनी मला काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही.

त्रिवेणी : बाबांना काय सांगशील?

आई : येतीलच ते अफझलगंजहून. टेप पास झाली, हे आधी सांगेन. बाकीचं जेवण झाल्यावर. आणि त्या वेळी हा समोर बसेल.

संदेश : बसतो. ताई, पाय मारू नकोस.

त्रिवेणी : पुढच्या भागाचं काही बोलले का सर?

आई : सोमवारी शाळा सुटली की नारायणगुड्याला स्टुडिओत यायचं, दोघांनीही. चित्र आलंय. विक्की गुहेत अडकलाय. मिनी बाहेर उभी आहे, आणि बराच वेळ काहीतरी बोलतेय.

त्रिवेणी : काय बोलतेय?

आई : ते रावगारूंकडून अजून लिहून आलेलं नाही.